हापशीचं पाणी, मुलांचे दात आणि नकाशा: फ्लोराइडचा अभ्यास जीआयएसवर कसा करायचा

समाजकार्य, भूगोल, सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं आणि संस्थांमधले कार्यकर्ते मला त्यांचे नकाशे तपासायला पाठवतात. बहुतेक नकाशांत एकच चूक असते. गावांच्या सीमा घेतल्या, त्यात पाण्यातल्या फ्लोराइडची सरासरी भरली, त्यावर दातांना डाग असलेल्या मुलांचे आकडे टाकले आणि लाल भागावर लाल भाग आला की निष्कर्ष काढला. पण कुठलं मूल कुठल्या हापशीचं पाणी पीत मोठं झालं, हे त्या नकाशात कुठेच नसतं. तो दुवा शेतात, अंगणात, आईशी बोलून जोडावा लागतो. जीआयएस, म्हणजे नकाशा आणि तक्ते एकत्र हाताळणारं सॉफ्टवेअर, तो जोडून देत नाही.

म्हणून इथे एकच उदाहरण धरून सगळे टप्पे देतोय: यवतमाळ जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे केळापूर, झरी जामणी आणि वणी तालुके. भूजलातलं फ्लोराइड हा तिथला जुना आणि खरा प्रश्न आहे. पाण्यात ते जास्त असलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात, त्याला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. नायट्रेट, आर्सेनिक किंवा वीटभट्टीच्या धुरावर काम करणार असाल तरी क्रम हाच राहील.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘फ्लोराइड आणि आरोग्य यांचा भौगोलिक अभ्यास’ हा प्रश्न नाही. असं लिहा: ‘१.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या स्रोताचं पाणी लहानपणी प्यायलेल्या १२ ते १५ वर्षांच्या मुलांत दातांचा फ्लोरोसिस इतरांपेक्षा जास्त आहे का, आणि अशी मुलं कुठल्या वस्त्यांत आहेत?’

या वाक्यातून पुढचं सगळं ठरतं: वय, मर्यादा, मोजायची गोष्ट आणि नकाशावरचं एकक. भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १.० पर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. नकाशाचे रंग पुढे याच दोन आकड्यांवर बदलतील.

टप्पा २: गाव नाही, स्रोत मोजा

जनगणनेच्या यादीत महसुली गाव असतं. पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची छोटी वस्ती, त्या यादीत वेगळा दिसत नाही, तो कुठल्या तरी गावात मिसळलेला असतो. आणि पोडावरची पाण्याची सोय बऱ्याचदा मुख्य गावापेक्षा वेगळी असते. गावठाणात नळ आला म्हणजे पोडावर आला, असं धरून चालू नका.

म्हणून पहिली यादी स्रोतांची करा: हापशी, बोअर, विहीर, नळयोजनेची टाकी. प्रत्येक स्रोताला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो क्रमांक कधीही बदलू नका. प्रत्येकापुढे प्रकार, खोली, खोदल्याचं साल, सध्या चालू की बंद आणि कुठल्या वस्त्या तिथून पाणी भरतात, एवढं लिहा. बंद पडलेले स्रोतही यादीत हवेत. याचं कारण टप्पा ४ मध्ये कळेल.

खोली विचारायला लाजू नका. उघड्या विहिरीचं पाणी उथळ थरातलं, पावसाने दरवर्षी ताजं होणारं. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं. अशा पाण्यात कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइड विरघळून राहतं, कारण त्याला खाली बसवायला कॅल्शियमच उरत नाही. त्यामुळे एकाच गल्लीत वीस पावलांवरच्या विहिरीचा आणि बोअरचा आकडा अगदी वेगळा येऊ शकतो. गावाची सरासरी काढली की हा फरक पुसला जातो.

तपासणी: यादी घेऊन गावातल्या दोन बायकांबरोबर फिरा. पाणी त्याच भरतात. सरपंचांच्या यादीत नसलेला एखादा तरी स्रोत त्या दाखवतात.

टप्पा ३: पाण्याचा नमुना

१. हापशी आधी काही मिनिटं चालवा. पाइपात साठलेलं पाणी जाऊ द्या.
२. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको. फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करतं.
३. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, मग भरा.
४. बाटलीवर स्रोताचा क्रमांक, तारीख आणि वेळ न पुसणाऱ्या शाईने लिहा. गावाचं नाव एकट्याने पुरत नाही.
५. जीपीएसची अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, मगच जागा नोंदवा. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली उभं राहू नका.

शेतात रंग जुळवून बघायचा संच चाळणीपुरता ठीक आहे. १.० आणि १.५ मधला फरक ठरवायचा असेल तर प्रयोगशाळेत आयन इलेक्ट्रोडने मोजलेला आकडाच घ्या. फ्लोराइडबरोबर सामू आणि कॅल्शियमही मोजून घ्या, नंतर कारण शोधताना उपयोगी पडतात.

इशारा: मे महिन्यातले आणि ऑक्टोबरमधले आकडे एका रकान्यात मिसळू नका. दोन वेगळे रकाने ठेवा. पावसानंतर उथळ स्रोतांचा आकडा बदलतो, आणि मिसळलेला नकाशा ऋतूचा नकाशा होऊन बसतो.

टप्पा ४: मुलांची तपासणी आणि एक महत्त्वाचा प्रश्न

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून इथे जास्त थांबतोय.

दातांवरचा फ्लोरोसिस दात घडत असताना होतो. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचं इनॅमल साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तयार होतं. म्हणजे आज बारा वर्षांच्या मुलीच्या दातांवर दिसतात ते डाग चार वर्षांपूर्वीपर्यंतच्या पाण्याचे आहेत, आज ती पिते त्या पाण्याचे नाहीत. तुम्ही मात्र पाणी आज मोजलंय. हे न ओळखल्यामुळे ‘शुद्धीकरण यंत्र बसलेल्या गावात डाग जास्त, म्हणजे यंत्र निरुपयोगी’ असे भलते निष्कर्ष निघतात. यंत्र बसलं त्याच्या आधीच त्या मुलांचे दात घडले होते.

म्हणून प्रत्येक मुलाच्या आईला किंवा आजीला विचारा: ‘हा जन्मला तेव्हा तुम्ही पाणी कुठून भरायचात? मग कधी बदललं? पावसाळ्यात कुठून, उन्हाळ्यात कुठून?’

एका पोडावर एका आजींना मी हाच प्रश्न विचारला होता. त्या उठल्या, काठी टेकत मला वस्तीच्या मागे घेऊन गेल्या आणि दांडा निघालेल्या एका हापशीपाशी थांबल्या. ‘हीचंच पाणी प्याला तो. ही गेली तवा तो शाळेत जाऊ लागला व्हता.’ आमच्या यादीत ती हापशी नव्हती. मोजायला तिचं पाणीही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून बंद स्रोत मी आधी लिहितो आणि जुने तपासणी अहवाल शोधतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जुन्या नोंदी मिळू शकतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

दात दंतवैद्यानेच किंवा त्यांनी शिकवलेल्या माणसाने तपासावेत. प्रचलित मोजमाप डीन यांचं आहे: सामान्य ०, शंकास्पद ०.५, अतिसौम्य १, सौम्य २, मध्यम ३, तीव्र ४. सगळ्या मुलांच्या गुणांची बेरीज भागिले मुलांची संख्या, हा वस्तीचा निर्देशांक. तो ०.६ च्या वर गेला की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो.

दात तपासणाऱ्याला स्रोताचा फ्लोराइड आकडा आधी सांगू नका. माहीत असेल तर डोळ्यांना डाग जास्त दिसतात. प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही हे होतं.

पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची तयारी आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी हे सगळं तपासणीच्या आधी हवं.

तपासणी: प्रत्येक मुलाच्या ओळीत ‘पहिल्या आठ वर्षांतला मुख्य स्रोत’ हा रकाना भरलेला आहे का? जिथे उत्तर ‘आठवत नाही’ आहे तिथे तेच लिहा. अंदाजाने जवळची हापशी लिहू नका.

टप्पा ५: तक्ते साफ करा

क्यूजीआयएस हे मोफत जीआयएस सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे काम संपवा. नेहमी आढळणाऱ्या चुका अशा:

नावं. तालुक्याचं नाव नोंदीत केळापूर, पण मुख्यालयाचं गाव पांढरकवडा, त्यामुळे एका तक्त्यात केळापूर आणि दुसऱ्यात पांढरकवडा. झरी जामणी तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. पाटण वेगळं आणि पाटणबोरी वेगळं. नावावरून तक्ते जोडू नका, जनगणनेच्या गाव-संकेतांकावरून जोडा, आणि स्रोतासाठी तुमचा स्वतःचा क्रमांक वापरा.

अक्षांश-रेखांश. कुणी २०°०१′३०″ लिहितं आणि टंकणारा त्याचं २०.०१३० करतो. खरं दशांश रूप २०.०२५ आहे. एवढ्याने बिंदू सुमारे सव्वा किलोमीटर सरकतो आणि हापशी शेजारच्या गावात जाते. दशांशाखाली पाच आकडे ठेवा.

‘आढळलं नाही’. प्रयोगशाळेच्या अहवालात हे अक्षरांत येतं. त्याचं शून्य करू नका आणि रकानाही रिकामा सोडू नका. मापनाची खालची मर्यादा किती होती ते वेगळ्या रकान्यात लिहा. रिकामा रकाना म्हणजे ‘मोजलंच नाही’.

रिठी गावं. यादीत नाव आणि सीमा आहे, माणूस एकही नाही. दर काढताना भागाकार शून्याने होतो. आधीच वेगळी काढा.

फाइल सीएसव्हीत साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

टप्पा ६: क्यूजीआयएसमध्ये थर (लेयर, म्हणजे एका प्रकारच्या माहितीचा नकाशा) आणा

१. ‘लेयर’ मेनूतून डिलिमिटेड टेक्स्टचा पर्याय घ्या. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. उलटं झालं की बिंदू भलतीकडेच जातात.
२. निर्देशक प्रणाली (जागेचे आकडे कशात मोजलेत ते सांगणारी) ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतले अक्षांश-रेखांश, द्या, कारण मोबाइलचा जीपीएस त्याच प्रणालीत आकडे देतो.
३. मग थर ‘रिप्रोजेक्ट’ करून मीटरच्या प्रणालीत न्या.
४. जिओपॅकेज या फाइल-प्रकारात साठवा. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं आणि मग ‘फ्लोराइड मे’ व ‘फ्लोराइड ऑक्टोबर’ ओळखू येत नाहीत.

तिसऱ्या पायरीवर यवतमाळची खास अडचण येते. मीटरची नेहमीची प्रणाली यूटीएम, तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन, केलेले असतात. ४३ आणि ४४ झोन ७८ अंश रेखांशावर बदलतो आणि ती रेषा या जिल्ह्यातून जाते. पुसद, दिग्रस ४३ मध्ये. पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. पूर्वेच्या तीन तालुक्यांसाठी ईपीएसजी ३२६४४, म्हणजे झोन ४४, घ्या. पूर्ण जिल्हा घेतलात तरी सगळ्या थरांना तोच एक ठेवा. शेजारचा झोन थोडा पुढे ताणल्याने किलोमीटरमागे मीटर-दोन मीटरचाच फरक पडतो, तो चालतो.

चालत नाही ती चूक वेगळी आहे: थर रिप्रोजेक्ट करायच्या ऐवजी ‘सेट सीआरएस’ वापरून त्याच्यावर नुसतं दुसऱ्या झोनचं नाव चिकटवणं. आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो आणि बिंदू सहाशे किलोमीटरहून जास्त सरकतात. शंका आली की थराच्या माहितीत मूळ प्रणाली कोणती लिहिली आहे ते वाचा.

आणखी एक. ४३२६ मध्ये असताना बफरला (बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ) ५०० लिहिलं तर ते ५०० अंश होतात, मीटर नाही.

तपासणी: जिल्हा अक्षांश १९.४ ते २०.७ आणि रेखांश ७७.३ ते ७९.२ यांच्या दरम्यान आहे. याबाहेरचा प्रत्येक बिंदू चूक आहे. मग उपग्रह चित्र खाली लावून दहा बिंदू हाताने बघा: हापशी वस्तीजवळ आहे की नाल्याच्या मध्यावर?

टप्पा ७: मूल आणि स्रोत जोडा

‘जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू’ वापरा आणि मुलांच्या तक्त्यातला ‘मुख्य स्रोत’ क्रमांक स्रोतांच्या थराशी जोडा.

‘बाय नियरेस्ट’ हे साधन हाताशीच असतं आणि बरेच जण तेच वापरतात. ते घरापासून सगळ्यात जवळचा बिंदू देतं. पण माणसं जवळचंच पाणी पितात असं नाही. जवळच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून लांबच्या विहिरीवर जाणारी घरं असतात. एखाद्या हापशीवर भांडणं होतात, एखादी उन्हाळ्यात आटते. म्हणून जवळचा बिंदू फक्त तपासायला वापरा: आईने सांगितलेला स्रोत आणि सगळ्यात जवळचा स्रोत किती घरांत वेगळे निघतात ते मोजा. हा आकडा अहवालात जरूर लिहा. अंतरावर विसंबून काढलेले नकाशे किती फसतात, ते त्यातून दिसतं.

तपासणी: जोडणीनंतर ओळींची संख्या आधीएवढीच आहे का? वाढली असेल तर स्रोताचा क्रमांक कुठेतरी दोनदा आलाय. जोडलेला रकाना रिकामा असेल तर क्रमांक टंकताना चुकलाय.

टप्पा ८: आधी साधा तक्ता, मग नकाशा

नकाशा काढायच्या आधी कागदावर तीन ओळींचा तक्ता करा: स्रोताचं फ्लोराइड १.० पर्यंत, १.० ते १.५, आणि १.५ च्या वर. प्रत्येक ओळीत किती मुलं तपासली आणि किती जणांना अतिसौम्य किंवा त्याहून जास्त डाग होते. या तक्त्यात फरक दिसत नसेल तर रंगांनी तो निर्माण करू नका.

मग नकाशा:

स्रोत बिंदू म्हणूनच दाखवा, रंगाच्या मर्यादा १.० आणि १.५. सॉफ्टवेअरने सुचवलेले ‘क्वांटाइल’ वर्ग (प्रत्येक रंगात सारख्याच संख्येचे बिंदू) घेऊ नका. त्यात सगळं पाणी सुरक्षित असलं तरी पाचवा हिस्सा गडद लाल येतो. विहीर आणि बोअर यांना वेगळी चिन्हं द्या.

मुलांचा आकडा नाही, दर दाखवा. मोठ्या गावात डाग असलेली मुलं जास्त असणारच. पण दरातही सापळा आहे: पोडावर सहा मुलं तपासली आणि चौघांना डाग निघाले की ६७ टक्के होतात, आणि डाग असलेलं एकच मूल कमी निघालं तर ५०. दहापेक्षा कमी मुलं तपासलेल्या वस्तीत मी टक्केवारी लिहीत नाही, ‘सहापैकी चार’ असं लिहितो आणि शेजारच्या सारख्या स्रोताच्या वस्त्या एकत्र करून दर काढतो.

इशारा: बिंदूंमधली जागा भरून काढणारा सलग रंगाचा नकाशा, म्हणजे आयडीडब्ल्यू, इथे करू नका. तो दिसतो देखणा, म्हणूनच प्रत्येक अहवालात असतो. पण कठीण खडकात पाणी भेगांमधून वाहतं. एका भेगेतलं पाणी शेजारच्या भेगेशी जोडलेलं असेलच असं नाही, आणि इथे तर पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला चुनखडी आणि कोळशाचे थर असा खडकच बदलतो. न मोजलेल्या वस्तीवर हिरवा रंग पसरला आणि त्या भरवशावर तिथे कुणी हापशी सुरू ठेवली, तर त्याचे परिणाम मुलांच्या दातांवर आणि पुढे हाडांवर होतील. न मोजलेली जागा पांढरी ठेवा आणि सूचीत ‘मोजलेलं नाही’ लिहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून खडकांचा थर घेऊन बिंदूंच्या खाली लावा. सलग रंगापेक्षा त्यातून जास्त कळतं.

टप्पा ९: पुंजके खरे की योगायोग

डोळ्यांना पुंजके, म्हणजे एकाच जागी गोळा झालेली डाग असलेली मुलं, नेहमी दिसतात. चाचणीसाठी जिओडा आणि सॅटस्कॅन ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. ‘डाग आहेत / नाहीत’ अशा माहितीला सॅटस्कॅनमध्ये बर्नुली प्रतिमान लागतं, आणि त्यात डाग नसलेली मुलंही द्यावी लागतात. नुसते रुग्ण दिले तर जिथे शाळा मोठी तिथे पुंजका निघतो.

टप्पा १०: न जुळणाऱ्या मुलांकडे परत जा

आता अशी मुलं नकाशावर वेगळ्या चिन्हाने काढा ज्यांचा स्रोत सुरक्षित आहे पण दातांवर डाग आहेत, आणि ज्यांचा स्रोत वाईट आहे पण दात स्वच्छ आहेत. बरेच जण या नोंदी चूक समजून काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. त्या घरी परत जा. मूल मामाच्या गावी वाढलेलं असेल, आई-बाप हंगामी कामाला दुसऱ्या जिल्ह्यात जात असतील, घरात काळा चहा लहानपणापासून देत असतील (चहाच्या पानात फ्लोराइड असतं), किंवा स्रोताचा क्रमांक तुम्हीच चुकीचा टाकला असेल. मला बंद हापश्यांचा पत्ता बहुतेक वेळा याच यादीतून लागलाय.

टप्पा ११: नकाशा बाहेर देताना

पाच-सात घरांच्या पोडावर एका मुलाचा बिंदू टाकला म्हणजे त्याचं नावच लिहिलं. डाग असलेल्या मुलींना लग्नाच्या वेळी काय ऐकावं लागतं, हे त्या भागात काम केलेल्या कुणालाही विचारा. म्हणून बाहेर जाणाऱ्या नकाशात घरं नकोत, फक्त स्रोत आणि वस्त्यांच्या गटांचे दर. घरांचा थर वेगळ्या फाइलीत पासवर्ड लावून ठेवा आणि जिओपॅकेज पाठवण्यापूर्वी तो थर आत राहिलेला नाही ना, ते उघडून बघा.

ग्रामपंचायतीला द्यायचा नकाशा वेगळा काढा. ए-३ कागद, गावाची ओळखीची ठिकाणं (देऊळ, शाळा, नाला) आणि प्रत्येक स्रोतापुढे तीनच शब्दांपैकी एक: ‘प्यायला चालेल’, ‘फक्त वापरायला’, ‘मोजलेलं नाही’. पहिल्या शब्दापुढे मोजल्याचा महिना लिहा. लाल ठरलेल्या हापशीवरून जवळची चांगली विहीर रस्त्याने किती मीटरवर आहे तो आकडा बाणासह टाका, सरळ रेषेतलं अंतर नको. डोक्यावर हंडा घेऊन बाई नाल्यावरून सरळ रेषेत जात नाही. नकाशा लावायच्या आधी तो ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि स्रोतांची यादी करताना ज्या दोन बायका तुमच्याबरोबर फिरल्या होत्या त्यांना प्रत्येक बिंदूवर बोट ठेवून विचारा, ‘हीच ना ती हापशी?’